काचीगुड्यातली भरती

१

सासूबाईंना समुद्र सांगायचा, हे माझं दुपारचं काम होतं.

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढे दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, आणि अगदी मागे सासूबाईंची खोली. त्या खोलीला एक खिडकी, खिडकीपलीकडे रेल्वेचं कुंपण. काचबिंदूनं त्यांची नजर पूर्ण गेली त्याच वर्षी गल्लीत केबल आलं. शेजारणी पूर्वी दुपारी त्यांच्याशी गप्पा मारायला यायच्या, त्या आपापल्या घरी मालिका बघत बसू लागल्या. उरले मी.

सासूबाईंचं नाव इंदुमती, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. माहेर सुलतान बाजारात, सासर काचीगुड्यात. सगळं आयुष्य दोन मैलांत गेलं. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. माझं माहेर मात्र कोकणात, मुरवणे नावाच्या गावी, खाडीच्या तोंडाशी. मॅट्रिकपर्यंत मी तिथेच शिकले. साडेतीनला चहा झाला की सासूबाई पाय पसरून म्हणायच्या, "हं, सांग तुझा दर्या. हल्लू सांग, मला घाई नाही."

मी नेहमी एकाच क्रमानं सांगायचे. बाजारपेठेतून उतरायचं. सुरूचं बन ओलांडायचं. मग बांध. बांधाखाली तिवरांची झाडी, तिच्यापुढे खाजण, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. खाजणाच्या मधोमध एक खोल चर. चराच्या पलीकडे कालवांचे खडक, आणि सगळ्यात शेवटी थोरला खडक. ओहोटीला बायका तिथपर्यंत कालवं काढायला जातात. आम्ही पोरीही त्यांच्या मागे जायचो.

मी गोड तेवढंच सांगायचे. वाऱ्याचा आवाज, शिंपले, संध्याकाळचा रंग. आमचे हे म्हणायचे, "आईला केबलपेक्षा तुझंच चॅनल आवडतं. पैसे लावत जा."

२

एका दुपारी मी बांधावरून खाली उतरले होते, म्हणजे सांगण्यात.

"चिखल ओला असतो, आत्याबाई. त्यावर निवट्या टुणटुण उड्या मारतात. मासाच, पण चिखलावर चालतो."

"कुठे चालतो? पाणी आहे सगळं."

"ओहोटीचं सांगतेय मी."

"मग ओहोटी असेल तेव्हा सांग. आत्ता पाणी बांधाच्या दुसऱ्या दगडाला लागलंय. तिवरांचे नुसते शेंडे दिसतायत."

मी हसले. त्याही हसल्या. कपबशा उचलून मी स्वयंपाकघरात आले आणि सवयीनं कॅलेंडरकडे पाहिलं.

आमच्या गावी भरतीची वेळ कुणी विचारत नाही. तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला पूर्ण भरती. माहेर सुटून बावीस वर्षं झाली, हैदराबादेत समुद्राचा संबंध नाही, तरी कॅलेंडर दिसलं की माझ्या मनात हा हिशेब आपोआप होतो.

त्या दिवशी पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचारला पाच मिनिटं कमी होती.

पूर्ण भरतीला पाणी बांधाच्या दुसऱ्या दगडाला लागतं, हेही खरं. मी त्यांना कधी दगड सांगितले होते का, ते आठवेना.

३

माणूस विसरतो. बावीस वर्षांत मी काय काय बोलले असेन, आंधळं माणूस सगळं जपून ठेवतं. पावणेचारचं जुळणंही योगायोगच. मी स्वतःला असं समजावलं आणि तरीही पुढचे पंधरा दिवस त्यांना रोज विचारलं.

"आज कुठवर आहे हो पाणी?"

त्या कधी चुकल्या नाहीत. अष्टमीला चारच्या सुमारास म्हणाल्या, चढतंय, तिवरांच्या मुळांत आलंय. एकादशीला म्हणाल्या, खाजण कोरडं पडून परत भिजायला लागलंय. तिथी त्यांना ठाऊक असायच्या, उपासतापास करणारं माणूस ते. पण पाऊणपटीचा हिशेब मी या घरात कुणालाच सांगितलेला नव्हता. सांगायचं कारणच पडलं नव्हतं.

मी ह्यांना सांगितलं. ते कपाट उघडून ऑफिसच्या फाइली शोधत होते.

"आई हुशार आहे," ते म्हणाले. "तूच बोलताना काहीतरी सुचवत असशील."

"मी काही सुचवत नाही."

"अगं, नकळत. तू आधी हळू बोलतेस, मग भरभर बोलतेस. ती ओळखते. तिच्या वकील बापाकडून आलंय ते."

मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं. पण त्याच आठवड्यात मागच्या खोलीत वास येऊ लागला. खाडी उघडी पडल्यावर जो काळ्या चिखलाचा वास येतो, तो. मी मोरी फिनाईलनं घासली. वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई म्हणाल्या, गटार तुंबलं असेल. गटार तुंबलं नव्हतं.

४

त्रयोदशीला ओहोटी पावणेचारला असते. त्या दिवशी चहा न पिताच त्या म्हणाल्या, "चल, आज थोरल्या खडकापर्यंत जाऊ."

मी सांगायला सुरुवात केली, पण त्या माझ्या पुढे होत्या. मी बांधावर असताना त्या तिवरांत होत्या. मी खाजणात आले तेव्हा त्यांनी चर ओलांडला होता. आवाज अगदी साधा, भाजीबाजार सांगावा तसा.

"तू हे सांगितलं नव्हतंस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हा चिखल पाय सोडत नाही ते. इथे एक वासरू आहे, मानेपर्यंत रुतलेलं, डोळे खेकड्यांनी नेलेत. झाडांची मुळं सुयांसारखी वर आलीत. मला वाटलं होतं छान जागा असेल. ही जागा छान नाही, सुशीला. ही जागा वाट बघते."

ते खरं होतं. पाहुणे मुरवण्याला देखणं गाव म्हणतात. पण तिथे वारा घराच्या कौलांना सुटी देत नाही, खाऱ्या हवेनं लोखंडाचा वर्षात भुगा होतो, आणि तो चर फसवतो. माणूस थोरल्या खडकावर बसून समुद्राकडे बघत राहतो, त्याला वाटतं पाणी समोरून येईल. ते मागून येतं. पूर्ण भरतीच्या तीन तास आधी चर भरतो आणि परतीची वाट बंद होते. माझ्या डोळ्यांदेखत त्या चरानं तीन बायका नेल्या. हे मी सासरी कधीच काढलं नव्हतं.

"आता परत या," मी म्हणाले.

"थांब की. खडकाच्या पलीकडे बघते."

खडकाच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते. कुणीच जात नसे. मी घाबरून त्यांचा खांदा धरून गदागदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, पण डावा पाय उचलेना. हात लावला तर बर्फासारखा. डॉक्टर आले, म्हणाले, मेंदूला रक्त कमी पडलं असेल, वय झालं, गोळ्या देतो.

डॉक्टर गेल्यावर सासूबाई मला जवळ बोलावून म्हणाल्या, "असं ओढून आणू नकोस कधी. पाय तिथेच राहिला. ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं आणावं लागतं माणसाला."

दोन दिवसांनी त्यांनी दुपारी डोळे मिटले, अर्धा तास ओठ हलवत राहिल्या, आणि उठून पायावर उभ्या राहिल्या. गोळ्यांचा गुण, असं हे म्हणाले. मी त्यांचे पाय पुसायला घेतले तेव्हा तळव्यांवर बारीक पांढऱ्या चिरा होत्या. कालवांवर अनवाणी चाललं की तशा चिरा पडतात. मोरीपलीकडे त्या महिनाभर कुठे गेल्या नव्हत्या.

५

मी समुद्र सांगणं बंद केलं. कधी देवाच्या कथा वाचून दाखवायचे, कधी पेपर. त्या ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "भरलं बघ." मी वाचतच राहायचे.

दसऱ्याची सुटी लागली. माझी केतकी तेव्हा दहावीत होती, एकुलती एक. टीव्हीवर तेच तेच लागतं म्हणून कंटाळायची. चार-पाच दिवस ती आजीच्या खोलीत बसलेली दिसली, मला बरंच वाटलं. एकदा मी भाजी निवडत होते तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तू मुरवण्याचं मला कधी नीट सांगितलंच नाहीस. आजी बघ कशी सांगते."

"काय सांगते?"

"सगळं. डोळे मिटून हात धरायचा. पहिल्यांदा काही दिसत नाही, मग पायाला गार लागतं." ती हसली. "थोरल्या खडकाच्या पलीकडे पायऱ्या आहेत, माहितेय तुला? खाली जातात. आजी म्हणते, अजून नको."

मी तिचे पाय मांडीवर ओढून घेतले. तिला वाटलं मी गुदगुल्या करतेय. दोन्ही तळव्यांवर पांढऱ्या चिरा होत्या.

मी सासूबाईंकडे गेले. आयुष्यात त्यांच्याशी आवाज चढवून बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही.

"आत्याबाई, माझ्या पोरीला नेऊ नका."

"मी कुठे नेते? तीच येते मागे. मी नाही गेले तर एकटी जाईल. वाट कळलीय तिला." मग म्हणाल्या, "मला तू शिकवलीस."

मी केतकीला तंबी दिली, शपथ घातली. ती हौ हौ म्हणाली, जशा पोरी म्हणतात.

६

मी संकष्टी करते. केतकी झाली तेव्हापासून, तिच्यासाठीच. त्या महिन्यातल्या संकष्टीला मी सकाळी सुलतान बाजारात गेले. जास्वंदीची फुलं, दूर्वा, केतकीच्या युनिफॉर्मचं कापड. निघताना हिशेब केला होता. संकष्टी म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे बाराला चर भरणार. तोवर मी घरी असेन.

परतले तेव्हा अकरा वाजले होते. घर शांत होतं. मागच्या खोलीच्या दारातून पाहिलं. सासूबाई खाटेवर आडव्या, केतकी खाली चटईवर, दोघींचे डोळे मिटलेले, केतकीचा उजवा हात त्यांच्या मुठीत. खोलीत तो काळा वास.

ओढून आणायचं नव्हतं. पायाचं मी पाहिलं होतं. वाटेनं आणायचं होतं, आणि वेळ होता, तासभर. मी घाबरले नाही असं नाही, पण मला वाटलं, आधी देवाचं आटपावं, त्याच्या जोरावर बसावं. हातपाय धुतले. गणपतीला फूल वाहिलं, निरांजन लावलं, अथर्वशीर्ष म्हटलं. मग खोलीत जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसले. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"केतकी," मी हळू आवाजात म्हणाले, "कुठे आहेस?"

तिचे ओठ हलले. "खडकावर. वारा आहे खूप."

"उतर खाली. समुद्राकडे पाठ कर. कालवांवरून जपून ये, आजीचा हात सोडू नकोस."

"हं."

"किनाऱ्यावर काय दिसतंय?"

"बांध दिसतोय. तू दिसतेस बांधावर."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. तरी म्हटलं, "हो, मी आहे. माझ्याकडे बघत ये."

पाच-सात मिनिटं गेली. बाहेरून मालगाडी गेली, खिडकीची तावदानं वाजली. तिचा श्वास जोरात होऊ लागला.

"आई, चर आला. चरात पाणी आहे."

"असेल थोडं. घोट्याएवढं. अजून अर्धा तास आहे. ये तू."

"गुडघ्याला लागतंय."

"ये बाळा. आईवर विश्वास आहे ना?"

"हो," ती म्हणाली.

तेव्हा सासूबाई बोलल्या, डोळे न उघडता. "सुशीला, चतुर्थी संध्याकाळी लागते आज. आत्ता तृतीया आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. संकष्टी चंद्रोदयाची धरतात. दिवसभर तृतीया असली आणि चतुर्थी संध्याकाळी लागली, तरी उपास त्याच दिवशी. हे कुठल्याही मराठी घरातल्या बाईला माहीत असतं. मी बावीस वर्षं कॅलेंडरच्या चौकोनात हे वाचलेलं. तिनाची पाऊणपट सव्वादोन. चर सव्वाअकराला भरला होता. मी देवापुढे अथर्वशीर्ष म्हणत होते तेव्हा.

"मागे फिर," मी म्हणाले. "केतकी, मागे फिर, खडकावर चढ."

"मागे पण पाणी आहे," ती म्हणाली. आवाज पाण्यानं तोंड भरल्यासारखा.

सासूबाई म्हणाल्या, "मी ढकलते. तू ओढ."

मी ओढलं. माझ्या हातात एक हात होता, गार, लहान, बोटांना बुळबुळीत. मी सगळं बळ लावून ओढत राहिले. पाण्याचा आवाज आगगाडीपेक्षा मोठा झाला आणि एकदम थांबला. केतकीनं डोळे उघडले, खोकली, उठून बसली.

तेव्हा मी पाहिलं. तिचा उजवा हात अजून सासूबाईंच्या मुठीत होता. डावा तिच्या छातीवर. मी तिचा हात धरलेलाच नव्हता.

७

सासूबाई गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी झालं, या वयात होतं, त्रास झाला नसेल. आमचे हे लहान मुलासारखे रडले. दिवसकार्य झालं, खाट भिंतीला लावून ठेवली.

केतकी चांगली आहे. अभ्यास करते. पूर्वी कारलं ताटात आलं की भांडायची, आता खाते. पूर्वी माझ्या तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, आता पहिल्या हाकेला येते. तळवे गुळगुळीत आहेत, एक चीरही नाही. "किती शहाणी झाली हो पोर," कुसुमताई म्हणतात. ह्यांनाही तसंच वाटतं. एकदा मी बोलून दाखवलं तर म्हणाले, "आई गेली म्हणून तुझं मन थाऱ्यावर नाही. पोरगी समोर बसलीय, आणि तू तिला शोधतेस."

त्यांचंच खरं असेल. मी कमी शिकलेली बाई आहे, घाबरट आहे, आणि चूक माझी होती, ती मनाला खाते. धक्क्यानं मुलं बदलतात. असं मी रोज सकाळी स्वतःला सांगते.

पण ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं आणावं लागतं, आणि त्या दिवशी मी ओढून आणलं. एका एकादशीला दुपारी मी मागच्या खोलीत गेले. या वेळी चौकोन तीनदा वाचला होता. सूर्योदयाला एकादशी, दिवसभर एकादशी. सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. दीड वाजला होता. मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि रिकाम्या खाटेकडे बघत बोलायला लागले.

"खडकावर असशील तर ऐक. चर कोरडा आहे. उतर खाली."

काही नाही. फक्त खिडकीतून ऊन.

"समुद्राकडे पाठ कर. कालवांवरून जपून ये."

तेव्हा वास आला. आणि अगदी लांबून, जसं शेताच्या पलीकडून कुणी बोलावं, तसं कुणीतरी "हं" म्हणालं.

मी दाराकडे वळले, कारण दारात कुणीतरी उभं होतं. केतकी होती. शाळेतून लवकर आली होती, दप्तर खांद्यालाच.

"आई," ती म्हणाली, "नको ना बोलावूस तिला."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचा चेहरा रडवेला झाला होता. खालचा ओठ दुमडलेला, लहानपणी ताप यायचा तेव्हा व्हायचा तसा. हा ओठ मी पंधरा वर्षं ओळखते.

"कालवं संपली की चर," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "चराच्या काठाशी ये."

दारातली केतकी एक पाऊल मागे सरकली. तिनं सरकायचं ठरवलं नव्हतं, ते मला दिसलं. तिनं चौकट धरली होती, बोटं पांढरी पडली होती, आणि तरीही पाय मागे गेला.

"मी सगळं ऐकते तुझं," ती म्हणाली. "आई, मी काय वाईट केलं?"

"आई," पलीकडून आवाज आला, आता जवळून, दम लागलेला. "मी चरापाशी आले. उतरू?"

मी गप्प झाले.

दोघीही थांबल्या.